चौथ्या घराचा उजेड

रफूताईच्या हातचं रफू कधी कुणी उलटून बघितलं नाही.

खरं तर रफूची परीक्षा उलट्या बाजूलाच असते. वरून काय, चार टाके गोड घातले की कुणीही टाळी घेऊन जाईल. कोट आतून बाहेर काढला की मग कळतं, बाईनं धाग्याला धागा मिळवलाय की नुसती वेळ मारून नेलीय. पण गल्लीतल्या कुणाला ती गरज वाटली नव्हती. तीस वर्षं लोक कपडा हातात घेत, भोक कुठं होतं ते शोधत, सापडलं नाही की स्वतःशीच हसत आणि घरी जात. ताईनं दिलंय ना, मग बघायचं काय त्यात! एवढ्या एका वाक्यावर तिचं घर चाललं होतं, आणि एवढ्याच वाक्यावर ती गल्लीतून मान वर करून चालत होती.

आणि हे सगळं होतं एका खिडकीच्या जिवावर. घराच्या मागच्या अंगाला तीन तावदानांची रुंद खिडकी, तिच्याखाली लांबलचक टेबल, बाजूला खिळ्यांना टांगलेल्या धाग्यांच्या लडी. बाहेर मोकळं मैदान, म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजेड सरळ टेबलावर. रफूताई दिव्याखाली काम करत नसे. दिव्याखाली काळा आणि गडद निळा एकसारखे दिसतात, आणि काळ्या कोटात निळा धागा गेला की दुसऱ्या दिवशी उन्हात तो कोट बोंब मारतो. उजेड सरला की सुई सुयांच्या उशीत. मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्यानं उद्या यावं.

गल्लीत अकरा घरं, आणि बहुतेक सगळी अशीच डोळ्यांवर पोट असलेली. पहिल्या घरात घड्याळजीकाका, भिंग कपाळावर चढवून बसलेले. सहाव्यात बाइंडर आणि त्याची म्हातारी आई. आठव्यात कवळीवाली, दवाखान्यांसाठी दातांच्या कवळ्या बनवायची; तोंड जरा सैल, पण हात असा नाजूक की विचारू नका. सगळ्यांची टेबलं मागच्या खिडकीशी. सगळ्यांचा उजेड त्या मैदानावरून यायचा.

मैदानाच्या पलीकडे नवी रांग. तिथंही अकराच घरं. जमीन कापणाऱ्यानं दोरी धरून दोन्हीकडे सारखे तुकडे पाडलेले, इंचाचा फरक नाही. खाली रस्ता, वर नाला, डावीकडे जुनी गल्ली, उजवीकडे नवी रांग, आणि मध्ये मैदान. मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या चार खोल्यांची शाळा.

आता शाळा नवी हवी, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. तिसरीच्या वर्गात छताचा तुकडा बाईंच्या खुर्चीत पडला होता. बाई तेव्हा फळ्याशी होत्या म्हणून वाचल्या. दोन पाळ्यांत वर्ग भरत, तरी पोरं एकमेकांच्या मांडीवर. तीन मजली इमारत बांधायची, हेही ठरलं. भांडण एवढंच, की ती मैदानाच्या कुठल्या कडेला उभी करायची. मधोमध बांधली तर मुलांनी खेळायचं कुठं? कडेला बांधली, तर ज्याच्या खिडकीसमोर तीन मजले चढणार त्याच्या घरात भरदुपारी अंधार. गल्ली म्हणे, शाळा हवीच, पण पलीकडे बांधा. नवी रांग म्हणे, हवीच, पण अलीकडे. नगरपालिकेचा नियम असा, की दोन्हीकडच्या बावीस घरांच्या सह्या झाल्याशिवाय वीट लावायची नाही. दोन वर्षं हे घोंगडं भिजत पडलं होतं. भाजीच्या गाडीपाशी दोन्हीकडच्या बायका एकमेकींकडे पाठ करून टोमॅटो निवडत.

अशात शाळेच्या संस्थेनं नकाशाचं काम दिलं ठेंगूला.

ठेंगू म्हणजे रफूताईचा धाकटा भाऊ. लहानपणी बुटका होता म्हणून ठेंगू. पुढं ताडमाड सहा फूट वाढला, तरी नाव काही सुटलं नाही. तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. याच घरात, याच टेबलाशी वाढलेला. डाव्या टोकाला ती सुई घेऊन बसायची, उजव्या टोकाला तो पट्टी-पेन्सिल घेऊन. "ताई, तुझी सावली पडते गं," म्हणून दिवसातून दहा वेळा कटकट. मग ती आपली खुर्ची सरकवायची, अजून सरकवायची, शेवटी टेबलाच्या पार कोपऱ्यात जाऊन बसायची. पोराच्या रेघा सरळ आल्या पाहिजेत, बाकी काय! त्या रेघांवरच तो ड्राफ्ट्समन झाला, लग्न झालं, नव्या रांगेत घर घेतलं. रस्त्यापासून चौथं. रफूताईचंही रस्त्यापासून चौथंच. दोघांच्या खिडक्या मैदान ओलांडून समोरासमोर. सकाळी तो पडदा सारून हात वर करी, ही हातातला कपडा हलवी. दोघांची ही सलामी गल्लीला पाठ होती.

त्याला काम मिळालं तेव्हा गल्लीला वाटलं, आपला पोरगा आहे. नव्या रांगेला वाटलं, आपला शेजारी आहे. दोघंही खूश.

एका दुपारी तो गुंडाळी घेऊन आला. टेबलावरचे कपडे बाजूला सारून त्यानं ट्रेसिंग पेपर पसरला, चार कोपऱ्यांवर तिचीच चार धाग्यांची रिळं ठेवली.

"हात नको लावूस, ताई. घाम लागला की कागद शाई धरत नाही."

तिनं हात पदरामागं घेतले. अहो, बाईची आयुष्याची सवय! कुठलंही कापड हातात आलं की आधी ते उलटून बघायचं, बोट फिरवायचं, कुठली बाजू सुलट ते ठरवायचं, मगच सुई. तीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. त्या दिवशी चुकला, कारण समोर कापड नव्हतं, आणि आणणारा परका नव्हता.

"हा खाली रस्ता," ठेंगूनं पेन्सिलीचं टोक फिरवलं. "हा वर नाला. ही डावीकडे आपली गल्ली. आणि ही इमारत."

इमारतीचा मोठा चौकोन उजव्या कडेला होता.

"समोर?" रफूताईचा आवाज चिरकला.

"समोर."

"अरे, पण मग तुझी खिडकी? तुझं टेबल?"

एक रीळ सरळ करत तो म्हणाला, "मी बघेन काहीतरी. जन्मभर तूच सावली काढून घेतलीस ना माझ्यावरनं. एकदा माझी पाळी."

रफूताईला रडूच आलं. नाक पुसत तिनं विचारलं, "पण नावं कशी नाहीत रे कशावर? रस्ता, नाला, काहीच लिहिलेलं नाही."

"अक्षरं शेवटी असतात, ताई. आधी रेघा, मग अक्षरं. समोरच्यांना मी पटवतो. तू फक्त गल्लीच्या अकरा सह्या घे. शुक्रवारी जनसुनावणी आहे, तिथंच मोकळं होऊ."

संध्याकाळी गल्ली तिच्या खोलीत जमली. नकाशा बघून सगळ्यांचे चेहरे उजळले, फक्त घड्याळजीकाकांनी भिंग डोळ्यावर ओढलं. त्यांचा स्वभावच तसा. चालणारं घड्याळही कानाला लावून बघायचे.

"नकाशा छान आहे," ते म्हणाले. "पण आम्ही वेगळ्या कागदावर सह्या द्यायच्या, आणि उद्या त्याला कुणी दुसराच नकाशा जोडला, तर?"

"कोण जोडेल?" ठेंगू म्हणाला.

"तू नाही रे बाबा. संस्था आहे, ऑफिस आहे. कागदाला पाय फुटतात."

खोलीत चुळबुळ सुरू झाली. तेव्हा रफूताईनंच तोड काढली. "मग नकाशावरच करू की सह्या! ह्याच कागदाच्या कडेला. मग बदलतील कसा? बदलला तर सह्याच जातील."

"वा गं ताई!" कवळीवालीनं मांडीवर थाप मारली. "दिसायला साधी, पण डोकं वकिलाचं."

ठेंगूनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "चालेल. कडेला घ्या. शाईनं घ्या."

पहिली सही रफूताईची. आणि सहीनं तिचं समाधान होईना, म्हणून तिनं उशीतली सर्वांत बारीक सुई उचलली, लाल रेशमाचा धागा ओवला, आणि डावीकडच्या चौथ्या घरावर एक टाका घालून वर गाठ मारली. कपड्यावर खूण करायची तिची हीच रीत होती.

"अगं, कागदाला काय टोचतेस!"

"असू दे. ही माझी खिडकी. इथला उजेड जाता कामा नये."

सगळे हसले. ठेंगूही हसला.

जे आले नव्हते त्यांच्याकडे ती स्वतः गेली. फळीवर नकाशा, वर पातळ कापड, जणू तान्हं मूल घेऊन निघालीय. बाइंडरच्या आईला लिहिता येत नव्हतं, तिचा अंगठा घेतला, आणि म्हातारीनं विचारलं, "बाई, हे नीट आहे ना?" रफूताई म्हणाली, "माझ्या भावानं काढलंय." बस्स. म्हातारीनं अंगठा दाबला. कवळीवाली तर त्या संध्याकाळीच म्हणाली होती, "तू म्हणशील तिथं सही. हव्यात तर दोन करते."

अकरा घरं, अकरा सह्या. गुरुवारी ठेंगू नकाशा घेऊन गेला. जाताना कोपरावर फाटलेला करडा कोट टाकून गेला, उद्या घालायचाय म्हणून. तिनं बाकीची कामं ठेवली आणि तो कोट आधी केला. असं रफू जमलं की पुरं झाल्यावर तिचं तिलाच भोक सापडेना.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या मोठ्या वर्गात सगळे जमले. मुलांना मैदानात पिटाळलं होतं. मोठी माणसं त्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली. डाव्या हाताला गल्ली, उजव्या हाताला नवी रांग. रफूताईच्या एक गोष्ट ध्यानात आली. नवी रांग भलतीच निवांत होती. कुणी शेंगा सोलत गप्पा हाणत होतं, कुणी वारा घेत होतं. ज्यांच्या खिडक्यांवर उद्या तीन मजले चढणार, ती माणसं इतकी खुशीत कशी? तिला वाटलं, ठेंगूनं पटवलेलं दिसतंय. काय पोरगा आहे!

मग नगरपालिकेच्या साहेबांनी नकाशा फळ्यावर लावला.

अक्षरं आली होती. सुरेख, टपोरी, ठेंगूच्या हातची. खाली 'रस्ता'. वर 'नाला'. डावीकडे 'जुनी गल्ली'. उजवीकडे 'नवी रांग'. आणि इमारतीचा तो मोठा चौकोन डावीकडे होता. गल्लीला खेटून.

क्षणभर कुणालाच काही समजेना. मग घड्याळजीकाका उभे राहिले. "साहेब, हा तो नकाशा नाही. आम्ही सह्या केल्या तो वेगळा होता!"

"हाच आहे की," साहेब म्हणाले. माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. त्यांनी टाचण्या काढल्या आणि कागद उलटा केला. "तुमच्या सह्या मागच्या बाजूला आहेत. अकराच्या अकरा. बघून घ्या, तुमच्याच ना?"

घड्याळजीकाका पुढं गेले, भिंग लावलं.

"माझीच," ते म्हणाले.

बाइंडरनं आईचा अंगठा ओळखला. कवळीवालीनं आपली वळणदार सही ओळखली. कागद तोच. रेघ न् रेघ तीच. बदललं काहीच नव्हतं. मागं वळून सगळ्यांनी बघितलं ते ठेंगूकडे नाही. रफूताईकडे.

ती उठली, फळ्यापर्यंत गेली. साहेबांनी नकाशा पुन्हा सुलटा लावला होता. लाल धागा नव्हता. कुणीतरी अलगद काढला होता. पण सुई गेली की भोक राहतंच, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं चष्मा सावरला आणि शोधलं. डावीकडच्या चौथ्या घरावर काहीच नव्हतं. कोरं. दोन बारीक भोकं होती ती उजवीकडे. नव्या रांगेच्या चौथ्या घरावर. ठेंगूच्या घरावर.

तिनं भोकांवरून बोट फिरवलं. जिथं तिनं सुई वरून खाली घातली होती, नेमक्या त्याच भोकाशी कागद खरखरीत लागला. म्हणजे सुई पलीकडून आलेली. म्हणजे त्यानं मला कागदाची पाठ दाखवली, पातळ कागदातून रेघा दोन्हीकडून सारख्याच दिसतात. आधी पाठ दाखवून सह्या घेतल्या, आणि मग कागद पलटून खऱ्या बाजूवर अक्षरं काढली. तेवढ्यासाठी तर अक्षरं शेवटी होती!

"साहेब," ती म्हणाली. "मी माझ्या खिडकीवर टाका घातला होता. ह्या गल्लीनं बघितलाय. तो टाका आता माझ्या भावाच्या खिडकीवर आहे. आम्हाला कागद उपडा घालून दाखवला."

साहेबांनी ठेंगूकडे बघितलं. "खरं आहे का हे?"

ठेंगू उभा राहिला. करडा कोट अंगात, कोपर फाइलवर टेकलेलं. "साहेब, नकाशा अपुरा आहे, अक्षरं शेवटी येतील, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. सह्या नकाशावरच घ्यायच्या हेही त्यांनीच ठरवलं. विचारा हवं तर."

एक अक्षर खोटं बोलला नाही मेला! सगळं खरं. रफूताईला उभ्या उभ्या असं वाटलं की कुणीतरी केसानं गळा कापला आणि वर विचारतंय, रक्त कुठं आहे?

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, सह्या खऱ्या आहेत, तेव्हा मी नकाशा अडवू शकत नाही. पण फसवणूक झाली असं म्हणणं असेल तर आठ दिवसांत लेखी तक्रार द्या. ज्यांनी सह्या गोळा केल्या त्यांची सही तक्रारीवर पहिली लागेल. तक्रार आली की नकाशाही थांबेल आणि ह्यांच्या परवान्याचीही चौकशी होईल. नाही आली, तर बांधकाम सुरू."

घरी जाताना तिच्याबरोबर कुणी चाललं नाही. दहा पावलं पुढं गल्ली, मागं ती एकटी. कवळीवाली, जिची जीभ टाळ्याला लागत नसे, ती सुद्धा मूग गिळून. वळणावर घड्याळजीकाका थांबले.

"ताई, तुला माहीत नव्हतं, असंच समजू ना आम्ही?"

असंच समजू ना! तिला वाटलं, ह्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "समजा," आणि घरात शिरून दार लावलं.

ठेंगू सोमवारी दुपारी आला. तीन दिवस त्याचा पडदा बंदच होता. हातात मोठं खोकं. न बोलता त्यानं ते टेबलावर ठेवलं, उघडलं. आतून वाकड्या मानेचा मोठा पांढरा दिवा निघाला.

"अगदी दिवसासारखा उजेड पडतो," तो म्हणाला. "मोठ्या शिवणकारखान्यांत हाच वापरतात. मी लावून देतो."

तिनं खिळ्यावरच्या दोन लडी काढून त्याच्यासमोर टाकल्या. "लाव. आणि सांग मला, काळी कुठली आणि निळी कुठली."

त्यानं दिवा लावला नाही.

"सरळ का नाही म्हणालास रे?" ती म्हणाली. "सरळ येऊन म्हणायचं, ताई, माझ्या खिडकीसमोर शाळा नको. मी भांडले असते, रडले असते. पण माझं माणूस माझ्याशी भांडतंय, एवढं तरी राहिलं असतं."

"आणि मग? तू सही दिली असतीस?"

तिनं लडी उचलून परत खिळ्याला टांगल्या.

"मलाही उजेड लागतो, ताई," तो म्हणाला. "तुझ्याइतकाच. ह्याच टेबलाशी शिकलो ना दोघं. बारीक रेघ दिव्याखाली हलते, डोळे पाण्यानं भरतात. चाळिशीला आलो, आता दुसरं काय काम शिकू? दोघांतल्या एकाचा उजेड जाणारच होता. मला वाटलं, तू... तू नेहमी सरकतेस."

तू नेहमी सरकतेस. हे मात्र तिच्या काळजाला घरं पाडून गेलं. म्हणजे ती प्रेमानं खुर्ची मागं घेत होती, आणि हा बसून मोजत होता, अजून किती मागं जाईल.

"मला एकच सांग," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी पसरलास, तेव्हाच उपडा पसरला होतास?"

"त्या दिवशी फक्त तुला बरं वाटावं म्हणून. शपथ. नुसतं तुझं तोंड कसं होतं ते बघायचं होतं, आणि मग सांगणार होतो. सह्या वेगळ्या कागदावर झाल्या असत्या तर त्यांना दुसरा नकाशा जोडायची माझी छाती झाली नसती, ताई. नंतर तूच म्हणालीस, नकाशावरच घेऊ."

म्हणजे हत्यार तिनंच हातात दिलं होतं. वकिलाचं डोकं!

तेवढ्यात दार वाजलं. घड्याळजीकाका होते, मागं बाइंडर आणि कवळीवाली. काकांच्या हातात तक्रारीचा कागद. ठेंगूला बघून ते उंबऱ्यातच थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते रफूताईनं बरोबर टिपलं. बहीण-भाऊ बसलेत, मध्ये नवाकोरा दिवा!

"आम्ही नंतर येतो," काका म्हणाले.

"आत्ताच द्या," ती म्हणाली.

तिनं कागद घेतला. खिडकीशी नेला. आधी उलटा करून मागची बाजू बघितली. कोरी होती. बोट फिरवलं. मग सुलटा करून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, ओठ हलवत, सावकाश. 'माझ्या सख्ख्या भावाने' असे शब्द होते तिथं जरा थांबली.

"ताई," ठेंगूचा आवाज लहानपणीचा झाला होता. "परवाना गेला तर मी कुठं जाऊ?"

"मी कुठं जाणार होते, ते ठरवलं होतंस का?"

तिनं सही केली. कागद काकांच्या हातात दिला.

"दिवा घेऊन जा," ती भावाला म्हणाली. "तुला लागेल."

तो गेला. खोकं काखेत मारून, सहा फुटांचा माणूस दारातून वाकून गेला. काकांनी कागद हातात घेऊन बघितला. सही बघितली. आणि मग, अगदी सहज, त्यांनी तो उलटा करून मागची बाजूही बघितली. त्यांच्या मनात काही असेल असं नाही. पण त्यांनी बघितली, आणि तिनं ते बघितलं.

पुढं नकाशा थांबला. परवान्याची चौकशी लागली, शाळेला पुन्हा एक वर्ष पत्र्याखाली काढावं लागलं, नवा ड्राफ्ट्समन आला, नव्यानं भांडणं सुरू झाली. त्याचं काय व्हायचं ते होईल. समोरच्या चौथ्या खिडकीचा पडदा मात्र परत उघडला नाही. उजेड त्याच्याही खिडकीवर तेवढाच पडत होता, पण त्यानं तो बाहेरच ठेवला.

महिन्याभरानं कवळीवाली आपला स्वेटर न्यायला आली. बाहीला कसरीनं खाल्लेलं भोक होतं. रफूताईनं तो घडी करून पुढं केला. कवळीवालीनं सुलट बाजू बघितली. भोक सापडलं नाही. रफूताई तिच्या हसण्याची वाट बघत होती.

कवळीवालीनं बाहीत हात घातला, ती आतून बाहेर काढली, आणि खिडकीशी नेऊन निरखायला लागली. आपण काय करतोय ते तिच्या ध्यानात आलं, तेव्हा उशीर झाला होता. ती गोरीमोरी झाली. "नाही गं, ताई, मी आपलं असंच..."

"बघ गं," रफूताई म्हणाली. तिनं खुर्ची बाजूला सरकवली, आपली सावली बाहीवर पडू नये म्हणून. "नीट बघून घे. उजेड आहे."